अंबूएट्टनचा आवाज बसला त्या निवडणुकीत

विड्या वळताना हात गुंतलेले असतात, डोळे पानावर असतात, कान मात्र दिवसभर रिकामे राहतात. त्या रिकाम्या कानांसाठी आम्ही अंबूएट्टनना, म्हणजे आमच्या अंबूदादांना, ठेवलं होतं. त्यांनी सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचायची, दुपारी एखादी कादंबरी, आणि आम्ही प्रत्येकानं आपल्या सुपातून थोड्या विड्या त्यांच्या वाट्याच्या म्हणून बाजूला ठेवायच्या. मालकाचा त्यात काही संबंध नव्हता. कण्णूरकडच्या बऱ्याच कारखान्यांत असे वाचणारे असत, पण अंबूएट्टनसारखा आवाज कुणाला नव्हता. पलीकडच्या दोरखंडाच्या शेडमधल्या बायकासुद्धा आमच्या भिंतीला टेकून ऐकत.

ते उभ्यानं वाचत. कमरेचा लुंगीसारखा मुंडू गुडघ्यावर दुमडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आपला पेपर, म्हणजे युनियनच्या बाजूचा, ते छातीतून वाचायचे. तो संपला की घोटभर काळा चहा घेऊन त्यांचा पेपर उघडायचे, म्हणजे जमीनदार-व्यापाऱ्यांच्या बाजूचा, आणि तो नाकातून वाचायचे. ‘मंत्रिमहोदय पुढे म्हणाले’ असं वाचून जरा थांबायचे, भुवई वर करायचे, की सगळा कारखाना हसायचा. त्यांच्या पेपरातली खरी बातमीही नाकातून आली की खोटी वाटे, आणि आपल्या पेपरातली कुणाच्या लग्नाची बातमी छातीतून आली की क्रांती झाल्यासारखी वाटे. आमच्यापैकी पुष्कळांना वाचता येत होतं, तरी घरी जाऊन पेपर हातात घ्यायचा कुणाला हुरूप नसायचा. कागदावरचे शब्द अंबूएट्टनशिवाय अळणी लागत.

त्यामुळे आमच्या वॉर्डात निवडणुकीची कुणाला धाकधूक नसे. अंबूएट्टन ज्याची बातमी छातीतून वाचतील तो निवडून येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

त्या वर्षी पंचायतीसाठी आपल्या बाजूनं करुणनला उभं केलं. करुणन आमच्यातलाच, तिसऱ्या रांगेत बसून विड्या वळणारा. त्याचा बाप, म्हातारा कोरन, त्याच्याच शेजारी बसे. करुणन मनानं निर्मळ, युनियनच्या कामात पुढे, पण चार माणसांसमोर उभा राहिला की पाठ केलेलं बोलायचा. समोरच्या बाजूनं रोहिणीअम्मांना उभं केलं आणि आम्ही जरा गडबडलो. रोहिणीअम्मा सरकारी दवाखान्यातल्या सुईणबाई, नुकत्याच निवृत्त झालेल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती. काळी छत्री घेऊन बांधाबांधानं झपाझप चालायच्या आणि वाटेत भेटेल त्याला काहीतरी सुनावायच्या. युनियनचे सेक्रेटरी भास्करन येऊन आम्हाला समजावून गेले की बाई चांगली आहे हो, पण त्या लोकांनी तिचा मुखवटा पुढे केलाय, मागचे चेहरे तेच आहेत. आम्हाला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

प्रचाराच्या सुरुवातीलाच अंबूएट्टनचा आवाज गेला. दिवसा आम्हाला वाचून दाखवायचं, संध्याकाळी जीपवर बसून कर्ण्यातून ओरडायचं, असं आठवडाभर चाललं होतं. एका सकाळी त्यांनी पेपर उघडला, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. आम्हाला वाटलं नवीन काही नक्कल आहे, म्हणून दोघेतिघे हसलेसुद्धा. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

कण्णूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशातल्या स्वरतंतूवर गाठ आलीय, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. अंबूएट्टननी शाळेतल्या पोरांसारखी पाटी विकत घेतली.

आता वाचणार कोण, हा प्रश्न आला. आमच्यातल्या दोघांनी करून बघितलं. एक जण प्रत्येक ओळीला ठेचकाळायचा, दुसरा एवढ्या घाईनं वाचायचा की मथळा कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला ते कळेना. शिवाय वाचायला उठला की त्याच्या विड्या बुडत. शेवटी अंबूएट्टनच्या बायकोला, कौसूएच्चींना, म्हणजे कौसूताईंना, विचारलं. त्या दहावी झालेल्या. गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणून दिवस-दिवस वाचायच्या, आणि दुपारी कुठली कादंबरी घ्यायची हे घरात त्याच ठरवत. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत आल्या.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर बसायला स्टूल मागितलं. मग पेपर मांडीवर पसरून, शेजारणीला तिच्या दुबईच्या मुलाचं पत्र वाचून दाखवावं तसं वाचायला लागल्या. ना चढ ना उतार. शब्द स्वच्छ, वाक्य संपलं की थांबायचं, पुढचं घ्यायचं. एक पेपर संपवून त्यांनी दुसरा उघडला आणि त्याच आवाजात पुढे चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं मागच्या रांगेतल्या दमयंतीनं न राहवून विचारलं, “एच्ची, हा आपला पेपर चाललाय की त्यांचा?”

कौसूएच्चींनी पान उलटून वरचं नाव बघितलं. “त्यांचा,” म्हणाल्या.

सगळे हसलो, पण हसताना जरा चुकल्यासारखं झालं. मी स्वतः मघापासून एका बातमीवर मान डोलावत होतो. धानाच्या भावाची ती बातमी त्यांच्या पेपरातली निघाली.

पहिले काही दिवस कुरकुर झाली. मिठाशिवाय पेज प्यायल्यासारखं वाटतंय, असं कोरन म्हणाला. भास्करननी कौसूएच्चींना बाजूला घेऊन सुचवलं की निवडणुकीचे दिवस आहेत, आपल्या बातम्यांना जरा जोर द्यावा. त्यावर त्या म्हणाल्या की छापलंय तेवढंच मला वाचता येतं, जोर कुठे छापलेला असला तर दाखवा. घरी अंबूएट्टन पाटीवर लिहून सूचना द्यायचे, इथे थांब, हा शब्द लांबव. त्या जेवण वाढता वाढता पाटी वाचायच्या आणि पुसून भिंतीला टेकवून ठेवायच्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आम्ही अंबूएट्टनना चिडवलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘तिखट आधीपासूनच आहे.’

पण हळूहळू आम्हाला त्या वाचनाची सवय झाली. कान टवकारून ऐकावं लागे. कशावर हसायचं, कशावर चिडायचं हे आवाज सांगत नव्हता, त्यामुळे ज्याचं त्याला ठरवावं लागे, आणि ठरवायचं म्हटलं की वाद होत. कारखान्यात इतके वाद कधी झाले नव्हते. करुणन प्रचाराला बाहेर असल्यानं त्याची जागा रिकामी होती. त्या जागेवर आता अंबूएट्टन येऊन बसू लागले. मांडीवर पाटी, हात रिकामे. वीस वर्षं त्यांनी पेपर वाचला होता, पण दुसऱ्यानं वाचलेला पेपर ते पहिल्यांदाच ऐकत होते.

एका सकाळी त्यांच्या पेपरात बातमी आली की युनियनच्या उमेदवारानं म्हाताऱ्या बापाला मारहाण करून घराबाहेर काढलं आणि तो बाप आता शेजाऱ्यांच्या पडवीत झोपतो. कौसूएच्चींनी शेवटपर्यंत वाचली. सगळ्यांच्या माना कोरनकडे वळल्या. म्हाताऱ्याच्या हातातली विडी तशीच राहिली. तो म्हणाला, “मला मारलं? अहो, परवा तारली मासळी करपवली म्हणून मीच त्याला झाडूचा एक हाणला. तो का नाही छापला?”

असं हसू फुटलं की दोरखंडवाल्या बायका आत डोकावून गेल्या. अंबूएट्टनही आवाज न करता हलून हलून हसत होते. दिवसभर जो तो कोरनला विचारत होता, आज कुणाच्या पडवीत मुक्काम?

त्यानंतर चारेक दिवसांनी आपल्या पेपरात रोहिणीअम्मांची बातमी आली. त्या दवाखान्यात असताना मुलांसाठी आलेल्या दुधाच्या भुकटीची पोती त्यांनी परस्पर व्यापाऱ्यांना विकली, असं पहिल्या पानावर, चौकटीत. कौसूएच्चींचा आवाज त्याही दिवशी तोच होता. त्यांनी वाचलं, पूर्णविरामाशी थांबल्या. पण पुढची बातमी लगेच घेतली नाही.

दमयंती म्हणाली की माझ्या दोन्ही पोरांनी ती भुकटी खाल्लीय, बाई घरी आणून द्यायच्या. कुणीतरी म्हणालं, तुला दिली म्हणजे विकली नाही असं थोडंच आहे. तिसरा म्हणाला, आपला पेपर खोटं कशाला छापेल. मला खरं काय ते कळत नव्हतं, आणि कळत नाही ही गोष्टच नवी होती.

तेव्हा कोरननं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. तो बेताचा बोलणारा, त्यात पेपरच्या गोष्टीत तर कधीच पडत नसे. म्हणाला, “परवा माझी बातमी ऐकून तुम्ही सगळे हसलात. का? तर मी इथं तुमच्यासमोर बसलो होतो. ही बाई इथं बसलेली नाही. मग तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ती कुठं बसलीय त्यावर ठरवायचं का?”

भास्करन नेमके तेव्हा आले. त्यांना घडलेलं सांगितलं आणि एकानं सुचवलं की रोहिणीअम्मांना इथेच बोलावून विचारू. भास्करननी हात जोडले. मतदान आठवड्यावर आलंय, आपल्याच कारखान्यात त्यांच्या उमेदवाराला बोलावणार, लोक काय म्हणतील, ही काय गावची चावडी आहे का, असं बरंच बोलले. त्यांचंही चुकत नव्हतं. तुरुंगात जाऊन आलेला माणूस, आमच्या मजुरीसाठी लाठ्या खाल्लेला. त्यांच्या शब्दाबाहेर जायचं आमच्या जिवावर आलं होतं. सगळे अंबूएट्टनकडे बघू लागले. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला आणि पाटी बायकोकडे दिली. कौसूएच्चींनी पेपर वाचतात तशीच ती वाचली.

“बोलवा.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी रोहिणीअम्मा आल्या. छत्री दाराशी टेकवली, आत नजर फिरवली आणि पहिल्यांदा दमयंतीला म्हणाल्या की धाकट्याला जंताचं औषध दिलंस का, परवा रस्त्यात बघितला, पोट पुढे आलंय त्याचं. मग कौसूएच्चींनी दिलेल्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, विचारा.

विचारायचं कुणी, हेच ठरेना. शेवटी मीच विचारलं, त्या पोत्यांचं काय झालं. त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “नाणू, तुझ्या बापाला विचारायचं होतंस. पण तो राहिला नाही. हिशेबात कमी दिसतात ती पोती तू लहान असतानाची, आली तीच ओली आणि अळ्या पडलेली होती. लेकरांना घालू का ती? दवाखान्यामागे खड्डा खणून पुरली. खड्डा तुझ्या बापानं खणला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी आला होता. तुझ्या आईनं विहिरीवर दोन कळशा ओतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तू तिथंच उभा राहून टाळ्या पिटत होतास.”

ते मला आठवत होतं. बाप भुतासारखा पांढरा झाला होता आणि आईचा ओरडा सगळ्या आळीत ऐकू जात होता, एवढं पक्कं आठवत होतं. कशानं पांढरा झाला हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी खाली बघून सगळ्यांना सांगितलं की हे खरं आहे.

तेवढ्यात करुणन दारात आला. प्रचार अर्धा टाकून आला होता, अंगावर धूळ. रोहिणीअम्मांना बघून त्यानं दुमडलेला मुंडू आदरानं खाली सोडला. पाठ केलेलं काही आठवलं नाही बहुतेक, कारण तो साधं बोलला. म्हणाला, “ती बातमी मी छापून आल्यावर पाहिली. पेपरच्या माणसाला सांगून आलोय, माझ्यासाठी असलं काही छापायचं नाही. तुमची माफी मागतो.”

रोहिणीअम्मा म्हणाल्या की तुझ्या बापाचं छापून आलं तेव्हा मीही आमच्या लोकांना झापलं होतं, पण माफी मागायला आले नाही, ते माझं चुकलं. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं. आता दोघं आलेच आहेत म्हटल्यावर आमचं धाडस वाढलं. उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटते, त्याचं काय करणार? करुणननं योजना सांगितली, लांबलचक, आणि त्यातलं अर्धं आम्हाला कळलं नाही. रोहिणीअम्मा म्हणाल्या की मला योजना माहीत नाही, पण पंपाचं काम होईपर्यंत मी ऑफिसातून उठणार नाही. पानं खराब येतात, त्याची कपात आमच्या माथी बसते, त्याचं काय? तिथे रोहिणीअम्मांना उत्तर देता आलं नाही आणि करुणन मात्र खडाखडा बोलला. चहा दोनदा झाला. त्या दिवशी विड्या कमी झाल्या आणि मालकानं कटकट केली.

त्या संध्याकाळचं मला कौसूएच्चींनी पुढे कधीतरी सांगितलं. अंबूएट्टन जेवले नाहीत. अंगणात बसून राहिले. त्या पेज घेऊन गेल्या तेव्हा डॉक्टरांचा हुकूम मोडून ते कुजबुजले, “ती बातमी मी वाचली असती तर?”

कौसूएच्चींनी वाटी त्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, “तर मीसुद्धा खरी मानली असती. तुमच्या आवाजावर भाळून तर लग्न केलं मी.”

ते हसले नाहीत. म्हणाले, बाईला गाव सोडावं लागलं असतं. त्यावर त्या म्हणाल्या की वीस वर्षांत तुम्ही पुष्कळ चांगलंही वाचलंत, त्या आवाजानंच या माणसांना युनियनमध्ये आणलं, मोर्च्यात नेलं, ते विसरू नका. पेज निवतेय ती प्या आणि आता गप्प बसा, गाठ वाढेल. मग त्यांच्याजवळ बसून त्यांनी त्यांची पाठ चोळून दिली, घसा दुखला की करून द्यायच्या तशी.

मतदान झालं. रोहिणीअम्मा निवडून आल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. आमच्या वॉर्डात असं कधी झालं नव्हतं. भास्करन कारखान्यात आले आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत विचारू लागले. ज्यानं त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं की मी करुणनलाच दिलं. सगळ्यांचं ऐकलं तर करुणन हरलाच नव्हता. कौसूएच्चींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की ते छापलेलं नाही, म्हणून मला वाचता येणार नाही. भास्करन तिथे मात्र हसले. दमले होते बिचारे. दमयंतीनं त्यांना चहा दिला.

करुणन दुसऱ्या दिवसापासून आपल्या जागी येऊन बसला. पानं भिजवली, कात्री घेतली, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. दुपारपर्यंत बापलेक विड्या वळत राहिले. मग कोरन मान वर न करता म्हणाला, “मी बाईला दिलं.”

“माहीत आहे, बाबा.”

“तू निवडून आला असतास तर दिवसभर त्या पंचायतीत बसला असतास. इथं माझ्याशी बोलायला कोण?”

बापाच्या सुपातला तंबाखू संपत आला होता, त्यात करुणननं आपल्यातला मूठभर टाकला. पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा उभा राहिला, निवडून आला, आणि तेव्हा कोरननं त्याला मत दिलं की नाही हे कुणी विचारलं नाही. रोहिणीअम्मांनी पंपाचं काम करून घेतलं, पण त्यासाठी ऑफिसात इतक्या वेळा भांडल्या की त्यांच्याच बाजूच्या लोकांनी त्यांना परत उभं केलं नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, गुडघे दुखतात.

महिन्यानं अंबूएट्टनचा आवाज आला. पूर्वीचा नव्हता, थोडा घोगरा आणि अर्ध्या उंचीचा, पण होता. आम्हाला पेच पडला. त्यांना नको म्हणायचं कुणाच्या तोंडून निघेना, आणि कौसूएच्चींना थांबा म्हणायचंही मनात नव्हतं. अंबूएट्टननीच तो सोडवला. म्हणाले, सकाळचे पेपर हिच्याकडे राहू देत, दुपारची कादंबरी मी वाचतो, तिथे मला पाहिजे तेवढं रडता-ओरडता येतं. हात वर करून मतं घेतली, त्यात पहिला हात त्यांचाच होता.

सकाळी मग त्यांना काम नसे. करुणनशेजारी जरा जागा करून ते बसायचे, बायको वाचायची ते ऐकायचे, मधेच एखाद्या बातमीवर कोरनशी हळू आवाजात वाद घालायचे. हात रिकामे बरे दिसत नाहीत म्हणून त्या वयात विड्या वळायला शिकले. काही केल्या जमलं नाही. त्यांची विडी एका बाजूला जाड व्हायची आणि पेटवली की दोरा सुटून उलगडायची. विकायला तर ती निघत नसे. चहाच्या सुट्टीत आम्हीच त्या ओढायचो आणि त्यांना सांगायचो की आज कालच्यापेक्षा बरी झालीय.